सेटअपचा पासवर्ड नसताना लिनक्समधूनच फर्मवेअर व प्रोसेसरची सेटिंग्ज कशी वाचावीत?

कातळसडा (देवगड)

सप्रेम नमस्कार. देवगड तालुक्यातील एका माध्यमिक विद्यालयात मी संगणक विषय शिकवते. गावच्या मुंबईकर मंडळाने आमच्या संगणक कक्षासाठी एका कार्यालयातून निघालेले डेस्कटॉप मिळवून दिले. त्यांत चौथ्या ते सहाव्या पिढीतील इंटेल कोअर आय-५ प्रोसेसर आहेत. ही यंत्रे विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, म्हणून आम्ही सर्व यंत्रांवर लिनक्स बसवले आहे व ते उत्तम चालते.

अडचण अशी, की बहुतेक यंत्रांच्या फर्मवेअर सेटअपला (यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रणालीच्या सेटिंगच्या पडद्यांना) जुन्या कार्यालयाने पासवर्ड घातला होता आणि तो आता तेथील कोणालाही ठाऊक नाही. त्यामुळे सेटअपच्या निळ्या पडद्यापर्यंत मला पोहोचताच येत नाही. मला पुढील गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. पहिली, प्रत्येक यंत्रात व्हर्च्युअलायझेशन चालू आहे की बंद, कारण मुलांना एकाच यंत्रात दुसरी आभासी यंत्रे चालवून नेटवर्किंग शिकवायचा माझा विचार आहे. दुसरी, प्रोसेसर त्याच्या पूर्ण वेगाने चालू दिला जातो की नाही. तिसरी, पावसाळ्यात आमच्याकडे वीज वारंवार जाते आणि ती आल्यावर काही यंत्रांची तारीख कित्येक वर्षे मागे गेलेली असते. हे कोणत्या यंत्रांत घडते ते प्रत्येकासमोर बसून न पाहता कळावे.

यंत्राच्या भागांची माहिती छापणारी डीएमआयडीकोड ही आज्ञा चालवून पाहिली. तिने पुष्कळ माहिती दिली, पण प्रोसेसरच्या विभागात 'मॅक्स स्पीड' या नोंदीपुढे जो आकडा आहे तो त्या प्रोसेसरच्या प्रसिद्ध कमाल वेगापेक्षाही जास्त आहे. तेव्हा या माहितीवर किती विसंबावे, हेच कळेनासे झाले. याशिवाय आमच्या शाळेच्या कार्यालयातील एक लॅपटॉप अतिशय मंद चालतो. त्याचा प्रोसेसर ८०० मेगाहर्ट्झच्या वर जातच नाही. कृपया जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

मांडवी_बंदर (रत्नागिरी)

बाई, आपण प्रश्न नेमका मांडला आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. फर्मवेअरविषयी ऑपरेटिंग सिस्टिमला जे दिसते ते तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून येते आणि ही तीन ठिकाणे एकमेकांत मिसळली की गोंधळ सुरू होतो. एक म्हणजे फर्मवेअरने यंत्राविषयी लिहून ठेवलेला तक्ता. दुसरे म्हणजे सेटअपमध्ये साठवलेली निवड. आणि तिसरे म्हणजे या क्षणी प्रोसेसरच्या रजिस्टरात, म्हणजे त्याच्या आतील छोट्या साठवण-कप्प्यांत, प्रत्यक्ष लागू असलेली स्थिती. आपल्याला हवी असलेली उत्तरे जवळजवळ सर्व तिसऱ्या ठिकाणी आहेत, आणि आपण पाहिलेली डीएमआयडीकोडची माहिती मात्र पहिल्या ठिकाणची आहे.

डीएमआयडीकोड जो तक्ता वाचते त्याला एसएमबायोस म्हणतात. यंत्र सुरू होताना फर्मवेअर हा तक्ता मेमरीत मांडून ठेवते आणि त्यातील कित्येक नोंदी मदरबोर्ड बनवणाऱ्याने एकदाच भरलेल्या असतात. या आज्ञेच्या माहितीपानातच स्पष्ट इशारा दिलेला आहे, की या तक्त्यांतील माहिती पुष्कळदा अपुरी किंवा सरळसरळ चुकीची असते. आपल्याला खटकलेली 'मॅक्स स्पीड' ही नोंद तर चुकीची असेलच असेही नाही. एसएमबायोसच्या नियमाप्रमाणे तिचा अर्थ, मदरबोर्डवरील त्या सॉकेटसाठी यंत्र जास्तीत जास्त किती वेग पेलू शकते, असा आहे. त्यात बसवलेल्या प्रोसेसरचा कमाल वेग असा नाही. तिच्याखालची 'करंट स्पीड' ही नोंदसुद्धा बूटच्या वेळची असते, आत्ताची नव्हे. मेमरीच्या विभागातही असाच भेद आहे. तेथे मॉड्यूलची क्षमता आणि सध्या ठरवून दिलेला वेग अशा दोन स्वतंत्र ओळी असतात व आपण दुसरी पाहायची असते.

या तक्त्यातून विश्वासाने घ्यावे असे म्हणजे मदरबोर्डचे नाव, फर्मवेअरची आवृत्ती आणि तिची तारीख. त्यासाठी आज्ञेचीही गरज नाही. सिस या फोल्डरात क्लास, त्यात डीएमआय आणि त्यात आयडी असे उतरत गेलात, की प्रत्येक नोंदीची वेगळी फाइल मिळते. आवृत्ती व तारीख कोणताही वापरकर्ता वाचू शकतो. अनुक्रमांकाच्या फायली मात्र केवळ रूटला, म्हणजे सर्वाधिकारी खात्याला, उघडतात.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. इंटेल प्रोसेसरच्या आत मॉडेल स्पेसिफिक रजिस्टरे असतात, त्यांना थोडक्यात एमएसआर म्हणतात. लिनक्समध्ये एमएसआर नावाचे कर्नल मॉड्यूल (लिनक्सच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, जोडायचा भाग) चढवावे, एमएसआर-टूल्स हे पॅकेज बसवावे, आणि रूट म्हणून आरडीएमएसआर या आज्ञेला रजिस्टरचा पत्ता द्यावा. ती त्यातील मूल्य हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या आधारावरील अंकांत, छापते. व्हर्च्युअलायझेशनचा निर्णय हेक्स ३ए या पत्त्यावर असतो. बिट शून्यापासून मोजायचे. शून्याव्या बिटला कुलूप म्हणतात. तो १ झाला, की यंत्र पुन्हा सुरू होईपर्यंत या रजिस्टरात कोणालाच, अगदी कर्नललाही, बदल करता येत नाही. दुसरा बिट १ असेल तर व्हर्च्युअलायझेशनला परवानगी आहे. म्हणून उत्तर ५ (शून्याव्या बिटचे १ व दुसऱ्याचे ४ मिळून) आले तर सोय चालू आहे व कुलूप लागले आहे. उत्तर १ आले तर फर्मवेअरने सोय बंद ठेवून वर कुलूप घातले आहे, आणि मग सेटअपमध्ये गेल्यावाचून दुसरा मार्ग नाही. फर्मवेअरने कुलूप न घालताच यंत्र सोपवले, तर नवे कर्नल स्वतःच परवानगी देऊन कुलूप लावते, म्हणून ० हे उत्तर आपल्याला बहुधा दिसणार नाही. कक्षात कधी एएमडीचे यंत्र आलेच, तर तेथे पत्ता हेक्स सी०००१०११४ आहे आणि चौथा बिट १ असणे म्हणजे सोय बंद असणे.

प्रोक फोल्डरातील सीपीयूइन्फो या फाइलमध्ये व्हीएमएक्स हा फ्लॅग शोधावा असे अनेक ठिकाणी सांगितलेले आढळते. तो उपाय कर्नलच्या आवृत्तीवर अवलंबून आहे. कर्नल ५.६ पासून पुढे, फर्मवेअरने सोय बंद केली असेल तर कर्नल तो फ्लॅग यादीतून काढून टाकते आणि बूटच्या नोंदींत बायोसने, म्हणजे फर्मवेअरने, सोय बंद केल्याची ओळही लिहिते. त्यापूर्वीच्या कर्नलमध्ये हा फ्लॅग केवळ प्रोसेसरची अंगभूत क्षमता सांगत असे, त्यामुळे तो दिसूनही आभासी यंत्र सुरू होत नसे. आपल्या काही यंत्रांवर जुने लिनक्स असेल, तर रजिस्टरच वाचावे.

वेगासाठी तीन ठिकाणे पाहावीत. हेक्स सीई या रजिस्टरातील ८ ते १५ हे बिट म्हणजे टर्बोवाचूनचा (टर्बो म्हणजे मूळ वेगाच्या वरची तात्पुरती झेप) कमाल गुणक. आपल्या पिढ्यांच्या प्रोसेसरांत त्याला १०० मेगाहर्ट्झने गुणायचे. उदाहरणार्थ, आय-५ ६५०० मध्ये तेथे हेक्स २०, म्हणजे दशमानात ३२ येतात, आणि त्याचा मूळ वेग ३.२ गिगाहर्ट्झच आहे. हेक्स १ए० मधील ३८ वा बिट १ असेल तर टर्बो बंद केलेला आहे. येथे अर्थ उलटा आहे हे ध्यानात ठेवावे. तिसरे, हेक्स ६१० मध्ये विजेच्या वापरावरील मर्यादा असते. तिचे खालचे १५ बिट साधारणपणे एक अष्टमांश वॅटच्या एककात मोजलेले असतात, म्हणजे ६५ वॅटच्या प्रोसेसरला तेथे दशमानात ५२० यावेत. एकक खरोखर तेच आहे का, ते हेक्स ६०६ च्या खालच्या चार बिटांवरून पडताळता येते: तेथे ३ असेल तर एकाला दोनच्या तिसऱ्या घाताने भागायचे, म्हणजेच एक अष्टमांश. कार्यालयीन यंत्रांत ही मर्यादा मुद्दाम खाली आणलेली असू शकते आणि तसे असेल तर प्रोसेसर निर्दोष असूनही जड काम सुरू होताच तो आपला वेग उतरवतो.

एक काळजी अवश्य घ्यावी. वाचण्याच्या आज्ञेइतकीच सोपी अशी लिहिण्याचीही आज्ञा त्याच पॅकेजमध्ये असते. मुलांच्या खात्यांना रूटचे अधिकार नसावेत, आणि आपणही रजिस्टरात काही लिहू नये. चुकीचे मूल्य गेले तर यंत्र तेथल्या तेथे गोठू शकते व उघड्या फायलींतील काम जाऊ शकते.

कुलाबा_किल्ला (अलिबाग)

या धाग्यावर विंडोज वापरणारे वाचकही येतील, म्हणून त्यांच्यासाठी थोडे लिहितो. कमांड प्रॉम्प्टवर सिस्टिमइन्फो ही आज्ञा दिल्यास शेवटी हायपर-व्ही (विंडोजची आभासी यंत्रे चालवणारी सोय) साठीच्या अटींची यादी येते व तीत फर्मवेअरमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू आहे का, याचे होय किंवा नाही असे उत्तर मिळते. हायपर-व्ही आधीच चालू असेल तर मात्र ही यादी येतच नाही. तिच्या जागी हायपरव्हायझर आढळल्याचे एक वाक्य येते, आणि ते वाचून पुष्कळ जण सोय बंद आहे असे समजतात. प्रत्यक्षात ती चालू असल्यानेच ते वाक्य आलेले असते. फर्मवेअरची आवृत्ती, बूट जुन्या पद्धतीने होते की यूईएफआय या नव्या फर्मवेअर-पद्धतीने, आणि सिक्युअर बूटची (फक्त सही असलेल्या प्रणालीलाच सुरू होऊ देणाऱ्या सोयीची) स्थिती, हे सारे एमएसइन्फो३२ च्या पहिल्या पानावर मिळते. डब्ल्यूएमआयसी ही जुनी आज्ञा मायक्रोसॉफ्टने मागे घेण्यास सुरुवात केली आहे, तेव्हा नव्या स्क्रिप्ट पॉवरशेलमध्येच लिहाव्यात.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

मी संगणक दुरुस्तीचे काम करतो, त्यामुळे बाईंच्या तिसऱ्या प्रश्नाविषयी सांगण्यासारखे माझ्याकडे अधिक आहे. तारीख मागे जाणे म्हणजे मदरबोर्डवरील सीआर २०३२ हा ३ व्होल्टचा सेल उतरला, किंवा सेल ठीक असून त्याच्या पत्र्याच्या पकडीवर गंज चढला. आपल्या किनाऱ्यावर दुसरे कारण पुण्याच्या मानाने बरेच जास्त आढळते, कारण खाऱ्या हवेतील ओल बंद खोलीतही पोहोचते आणि पावसाळ्याचे चार महिने ती तेथून हलत नाही. नुसता सेल बदलून पकड न पुसल्यास पुढच्या पावसाळ्यात तोच दोष पुन्हा दिसतो.

लिनक्समध्ये प्रोक फोल्डरात ड्रायव्हर आणि त्यात आरटीसी (यंत्र बंद असतानाही सेलवर चालणारे घड्याळ) नावाची फाइल आहे. तिच्यात बॅटरीच्या स्थितीची एक ओळ असते. ती वाचून सर्व सेल उत्तम आहेत असा निष्कर्ष कृपया काढू नये. ही ओळ घड्याळाच्या चिपमधील डी या रजिस्टरच्या सातव्या बिटावरून लिहिली जाते. मूळ चिप मोटोरोलाची होती, आयबीएमने १९८४ च्या पीसी-एटी मध्ये ती वापरली, आणि तीत हा बिट खरोखर सेलची अवस्था सांगत असे. इंटेलच्या अलीकडच्या चिपसेटमध्ये घड्याळ चिपसेटच्याच पोटात आहे आणि हा बिट कायम १ असा जोडून टाकलेला आहे. त्यामुळे सेल पूर्ण मेलेला असला तरी ती ओळ 'ओके' असेच सांगत राहते.

याहून खात्रीचा पुरावा बूटच्या नोंदींत असतो. यंत्र सुरू होताना आरटीसी-सीमॉस हा ड्रायव्हर, सिस्टिमचे घड्याळ अमुक तारखेला व वेळेला लावले, अशी ओळ कर्नलच्या नोंदीत लिहितो. ही ओळ इंटरनेटवरून वेळ दुरुस्त होण्याच्या आधीची असल्याने सेलने रात्रभर काय सांभाळले ते तीत जसेच्या तसे उतरते. जर्नलसीटीएल या आज्ञेने मागच्या सर्व बूटच्या नोंदी चाळून तेवढी ओळ वेचून काढली, की कोणत्या यंत्राची तारीख मागे जाते ते एकाच जागी बसून कळते. नोंदी डिस्कवर कायम राहतील अशी व्यवस्था मात्र आधी केलेली असावी. काही मदरबोर्डांवर सेन्सर्स या आज्ञेत व्हीबॅट नावाची ओळ येते व सेलचा व्होल्टेज थेट दिसतो. ब्रँडेड डेस्कटॉपवर ती सहसा मिळत नाही. तेथे मल्टिमीटरच लावावा, आणि आकडा अडीचच्या जवळ आला असेल तर सेल बदलून टाकावा.

आणखी एक संबंध बाईंच्या लक्षात आणून द्यावासा वाटतो. यूईएफआय यंत्रांत सेटिंग फ्लॅश चिपमध्ये साठवलेली असते व ती सेलवर अवलंबून नसते, तरीही सेल गेल्याची खूण मिळताच अनेक फर्मवेअर कारखान्याची मूळ मूल्ये पुन्हा लागू करतात. जुन्या यंत्रांत व्हर्च्युअलायझेशनचे मूळ मूल्य पुष्कळदा 'बंद' असे असते. तेव्हा ज्या यंत्रांत सोय बंद आढळेल त्यांच्या घड्याळाच्या नोंदी आधी तपासाव्यात.

दाभोळखाडी (गुहागर)

मांडवी_बंदर यांनी सांगितलेल्या दुसऱ्या ठिकाणाविषयी, म्हणजे साठवलेल्या निवडीविषयी, पुढे काही आले नाही. सिस फोल्डरातील फर्मवेअर, त्यातील ईएफआय आणि त्यातील ईएफआयव्हार्स येथे 'सेटअप' नावाची फाइल माझ्या यंत्रात दिसते. सारी सेटिंग्ज तीतच असतील, तर ती सरळ वाचून प्रश्न सुटणार नाही का? वीज परत आल्यावर यंत्र आपोआप सुरू व्हावे की नाही, यासारख्या निवडी तर प्रोसेसरच्या रजिस्टरात नसणार.

मांडवी_बंदर (रत्नागिरी)

आपले म्हणणे बरोबर आहे. वीज परतल्यावरची वर्तणूक, बूटचा क्रम, पंख्याची निवड या गोष्टी प्रोसेसरला ठाऊक नसतात. परंतु ती 'सेटअप' फाइल म्हणजे केवळ बाइटांची एक रांग असते. पहिले चार बाइट त्या व्हेरिएबलचे, म्हणजे फर्मवेअरने साठवलेल्या नोंदीचे, गुणधर्म सांगतात आणि पुढचा कोणता बाइट कोणत्या निवडीचा, हे प्रत्येक मदरबोर्डगणिक, एवढेच नव्हे तर फर्मवेअरच्या आवृत्तीगणिक बदलते. त्याचा नकाशा फर्मवेअरच्या आतच असतो आणि तो बाहेर काढणे हा स्वतंत्र उद्योग आहे. शिवाय चालू सिस्टिमला दिसण्याची परवानगी त्या व्हेरिएबलला दिलेली नसेल, तर ते या फोल्डरात उमटतही नाही. जी नोंद बिनधास्त वाचावी अशी आहे ती 'सिक्युअरबूट'. तीत गुणधर्मांच्या चार बाइटांनंतर एकच बाइट असतो. १ म्हणजे चालू, ० म्हणजे बंद. मोकयूटिल ही आज्ञा तेच शब्दांत सांगते.

या फोल्डराविषयी कळकळीची विनंती आहे, की तेथे काहीही पुसू नये व लिहू नये. २०१३ मध्ये सॅमसंगच्या काही लॅपटॉपमध्ये लिनक्स बूट केल्यावर यंत्रे कायमची बंद पडण्याचे प्रकार घडले होते आणि त्याचा संबंध फर्मवेअरच्या या साठ्यात झालेल्या लेखनाशी होता. २०१६ च्या आरंभी, सर्व फायली पुसण्याची आज्ञा चालवताना हा फोल्डरही पुसला जाऊन लॅपटॉप निकामी झाल्याचे उदाहरण पुढे आले. त्यानंतर कर्नल ४.५ पासून येथील बहुतेक फायली मूलतःच अबदल ठेवल्या जातात. ते संरक्षण मुद्दाम काढून प्रयोग करण्याइतके महत्त्वाचे काम शाळेच्या कक्षात कोणतेच नाही.

सरळ मार्ग निर्मात्याने दिलेला असेल तरच मिळतो. डेल, लेनोवो व एचपी यांच्या अनेक यंत्रांसाठी कर्नलमध्ये असे ड्रायव्हर आले आहेत, की सिस-क्लासमधील फर्मवेअर-अ‍ॅट्रिब्यूट्स या फोल्डरात प्रत्येक सेटिंग आपल्या नावाने, सध्याच्या मूल्यासह आणि शक्य असलेल्या पर्यायांसह दिसते. डेलची सोय कर्नल ५.११ मध्ये आली, लेनोवोची ५.१४ मध्ये आणि एचपीची ६.६ मध्ये. एफडब्ल्यूयूपीडी हे फर्मवेअर अद्ययावत करणारे साधनही आवृत्ती १.८.४ पासून ही यादी छापते. वाचण्यासाठी सहसा सेटअपचा पासवर्ड लागत नाही, बदलण्यासाठी लागतो. बाईंची यंत्रे जुनी आहेत, त्यामुळे सर्वांवर हा फोल्डर उमटेल असे नाही. परंतु उमटला तर तेथे व्हर्च्युअलायझेशनची निवडही नावानिशी वाचता येईल व ती रजिस्टरातील उत्तराशी ताडून पाहता येईल.

कातळसडा (देवगड)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दिलेल्या सूचनांप्रमाणे एक छोटी स्क्रिप्ट लिहून ती नेटवर्कवरून सर्व यंत्रांवर चालवली व मिळालेली उत्तरे एका तक्त्यात मांडली.

हेक्स ३ए मध्ये निम्म्याहून अधिक यंत्रांत ५ आले, उरलेल्यांत १. वाशिष्ठीकाठ यांच्या सांगण्यावरून घड्याळाच्या ओळी वेचल्या तेव्हा, ज्या यंत्रांत १ आले त्यांतील एक सोडून सर्वांच्या नोंदींत जुन्या तारखा सापडल्या. आरटीसीच्या फाइलमध्ये मात्र ही सर्व यंत्रे सेल 'ओके' असल्याचेच सांगत आहेत. जे एक यंत्र अपवाद ठरले त्याच्या घड्याळाची एकही नोंद चुकलेली नाही. तेथे जुन्या कार्यालयानेच ही सोय बंद ठेवली असावी असे मी धरते. फर्मवेअर-अ‍ॅट्रिब्यूट्सचा फोल्डर सहाव्या पिढीच्या काही यंत्रांत मिळाला आणि तेथील निवड रजिस्टराशी जुळली. वेगाच्या बाबतीत डेस्कटॉपमध्ये काही वावगे आढळले नाही. गुणक, टर्बो आणि वॅटची मर्यादा सर्वत्र प्रोसेसरच्या प्रसिद्ध आकड्यांप्रमाणे आहेत.

लॅपटॉपचे कोडे मात्र तसेच आहे. त्यातही टर्बो बंद नाही, मूळ गुणक योग्य आहे, तरी वेग ८०० मेगाहर्ट्झवरच थांबतो. हात लावून पाहिला तर तो थंडच असतो.

मांडवी_बंदर (रत्नागिरी)

तक्ता उत्तम झाला आहे. १ आलेल्या यंत्रांचे सेल प्रथम बदलून घ्यावेत, नाहीतर सेटअपमध्ये जाऊन केलेला बदल पुढच्या वीज जाण्याबरोबर पुसला जाईल. पासवर्डविषयी सांगायचे, तर ब्रँडेड डेस्कटॉपच्या अनेक मदरबोर्डांवर तो पुसण्यासाठी वेगळा जंपर असतो व त्याची जागा त्या मॉडेलच्या सेवा-पुस्तिकेत दाखवलेली असते. यंत्रे शाळेच्या मालकीची झाली आहेत, तेव्हा देणगीपत्र हाताशी ठेवून वाशिष्ठीकाठ यांच्यासारख्या जाणत्या कारागिराकडून ते काम करून घ्यावे.

लॅपटॉप थंड असूनही ८०० वर अडकतो, याचा अर्थ त्याला कोणीतरी बाहेरून आवरत आहे असा घ्यावा लागतो. प्रोसेसरला प्रॉकहॉट नावाची एक तार असते. ती मूळची प्रोसेसरने 'मी तापलो' असे सांगण्यासाठी आहे, पण मदरबोर्डलाही ती ओढता येते, आणि ओढली की प्रोसेसर आपला वेग तळाला नेतो. हेक्स १एफसी मधील शून्यावा बिट १ असणे म्हणजे मदरबोर्डला तशी मुभा आहे, इतकेच. तो बहुतेक सर्व लॅपटॉपमध्ये १ असतो व तेवढ्यावरून दोष ठरवता येत नाही. प्रत्यक्ष काय घडते आहे ते हेक्स १९सी मध्ये पाहावे. तेथे शून्यावा बिट त्या कोअरच्या स्वतःच्या तापण्याचा आणि दुसरा बिट प्रॉकहॉटचा. १६ ते २२ हे बिट म्हणजे तापमान कमाल मर्यादेपासून किती अंश खाली आहे तो आकडा, आणि ती मर्यादा हेक्स १ए२ च्या १६ ते २३ या बिटांत असते. शून्यावा बिट ०, दुसरा १ आणि तापमान मर्यादेपासून दूर, असे आढळले तर तार बाहेरूनच ओढली जात आहे. लॅपटॉपमध्ये याचे नेहमीचे कारण, चार्जरची ओळख न पटणे किंवा बॅटरी निकामी होणे. काय दिसते ते कळवावे.

कातळसडा (देवगड)

हेक्स १९सी मध्ये ८८३ए०००सी आले आणि हेक्स १ए२ मधून मर्यादा १०० अंश निघाली. म्हणजे हेक्स ३ए, दशमानात ५८ अंश खाली, तापमान ४२ अंश. शून्यावा बिट ०, दुसरा बिट १. आपण वर्णन केले तसेच आहे. याच कंपनीचा व तितक्याच वॅटचा दुसरा चार्जर एका सहकाऱ्यांकडून आणून लावला, तेव्हा यंत्र पुन्हा सुरू न करताही वेग लगेच वाढला. आता त्याच रजिस्टरात शेवटचा अंक ८ येतो. दुसरा बिट गेला, पण तिसरा अजून १ आहे. दोष थोडा उरला आहे का?

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

दोष उरलेला नाही, बाई. तिसरा बिट हा नोंदीचा आहे. प्रॉकहॉटची तार मागे कधी ओढली गेली होती एवढेच तो सांगतो, आणि यंत्र पुन्हा सुरू होईपर्यंत किंवा कोणी तेथे मुद्दाम ० लिहीपर्यंत तो १ राहतो. यंत्र एकदा पुन्हा सुरू करावे आणि दिवसभराच्या कामानंतर तेच रजिस्टर वाचावे. शेवटचा अंक ० राहिला तर नवा चार्जर निर्धास्तपणे घ्यावा. काही कंपन्यांच्या चार्जरच्या पिनमध्ये मधोमध एक बारीक सुई असते, तिच्यावरून लॅपटॉप चार्जरचे वॅट ओळखतो. जुन्या चार्जरमध्ये ती असून हिरवट पडलेली दिसली तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ करून पूर्ण वाळू द्यावी व पुन्हा लावून पाहावी. तशीच लॅपटॉपच्या बाजूची खाचही पुसावी, कारण ओल दोन्हीकडे सारखीच बसते. १एफसी मधील तो मुभेचा बिट बंद करून वेग मिळवण्याचा उपाय काही जण सुचवतील, तो मात्र करू नये. त्याने तार ओढणारे कारण तसेच राहते, आणि कमी वॅटचा चार्जर जोडलेला असताना त्याच्यावर पूर्ण भार पडतो.